गुन्हा दाखल झाला की कॉलेजच्या खेळाडूला लगेच संघाबाहेर काढायचं का?

डावा कोपरा (धागाकर्ता)

पुण्यातल्या एका कॉलेजच्या कबड्डी संघातला पोरगा. विसर्जनाच्या रात्री दोन मंडळांत मारामारी झाली, दोन्हीकडून तक्रारी गेल्या, दोन्ही एफआयआरमध्ये नावांची रांग. एकात ह्याचंही नाव. दोन-तीन दिवसांत कॉलेजचं पत्र हातात: ‘पुढील आदेशापर्यंत कोणत्याही क्रीडा उपक्रमात सहभागी होता येणार नाही.’ म्हणणं मांडायला बोलावलं नाही, मुदत लिहिली नाही. आंतरविभागीय निवड तोंडावर होती, ती गेली.

मला हे अन्यायाचं वाटतं. आरोपी कोठडीत असेल तर 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र यावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. तो बाहेर असेल तर तेवढीही घाई कुणाला नसते. मग खटला, तारखांवर तारखा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट 25 ची. म्हणजे निर्दोष सुटेपर्यंत पोराचं खेळायचं वयच निघून जाणार. सरकारी नोकर 48 तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित होतो, हे मान्य. पण त्याला निर्वाह भत्ता मिळतो, आणि सुटला तर नोकरी परत मिळू शकते. खेळाडूला गेलेला हंगाम कोण परत देणार?

बालेवाडी ट्रॅक

दादा, तुम्ही मारामारीचं उदाहरण घेतलंत म्हणून हे सोपं वाटतंय. तक्रार मुलीची असेल तर? आणि ती त्याच मैदानावर सराव करणारी असेल तर? मी विद्यापीठाकडून धावले आहे. पश्चिम विभागाच्या स्पर्धेला मुलं-मुली एकाच डब्यात असतात, रात्रभराचा प्रवास, उतरल्यावर एकाच आवारात मुक्काम. ज्याच्याविरुद्ध जबाब दिलाय तो समोरच्या बर्थवर झोपलाय, अशा अवस्थेत कुणी स्पर्धेला जाईल? ती जाणार नाही. म्हणजे निलंबन झालंच, फक्त तिचं झालं.

संघातली जागा हा कुणाचा हक्क नाही. विद्यापीठाचं नाव छातीवर लावून उतरायचं तर थोडं थांबायला काय हरकत आहे?

काळा कोट

हक्क नाही, हे इतकं सरळ नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या टेरेन्स शॅनन या बास्केटबॉलपटूवर डिसेंबर 2023 मध्ये बलात्काराचा आरोप ठेवला गेला. विद्यापीठाने लगेच निलंबित केलं, तो सहा सामन्यांना मुकला. तो कोर्टात गेला. जानेवारी 2024 मध्ये संघीय न्यायाधीशांनी अंतरिम आदेश देऊन त्याला परत खेळू दिलं. जूनमध्ये ज्युरीने निर्दोष ठरवलं आणि त्याच महिन्यात एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या एका संघाने त्याला निवडलं. तो आदेश मिळाला नसता तर त्याच्या शेवटच्या हंगामाचा उरलेला भाग वाया गेला असता.

आपल्याकडे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तीन महिन्यांत आरोपपत्र बजावलं नाही तर कर्मचाऱ्याचं निलंबन पुढे ताणू नये. कारकुनाला जे संरक्षण आहे ते वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला नसावं?

बालेवाडी ट्रॅक

शॅननकडे वकील होते आणि त्याचे सामने देशभर टीव्हीवर दिसत होते. दुसरी बाजूही बघा. जानेवारी 2015 मध्ये स्टॅनफर्डचा जलतरणपटू बेशुद्ध मुलीवर अत्याचार करताना दोन विद्यार्थ्यांनी पकडला. दोषी ठरला मार्च 2016 मध्ये. मधलं वर्षभर त्याला पोहू द्यायचं होतं का? विद्यापीठाने निकालाची वाट न बघता आवारात यायलाच बंदी केली, आणि ते बरोबर होतं.

टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाचा 2016 चा चौकशी अहवालही आहे. फुटबॉलच्या प्रशिक्षकांपर्यंत तक्रारी पोचल्या होत्या, त्यांनी त्या पुढे कळवल्याच नाहीत. कारण पोरं जिंकून देत होती. आपल्याकडे 2023 मध्ये महिला कुस्तीगीरांना एफआयआर नोंदवून घ्यायलाच सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. त्यामुळे ‘आधी सिद्ध होऊ दे’ हे वाक्य मला निरुपद्रवी वाटत नाही.

निवृत्त क्रीडासंचालक

अशी पत्रं तयार होताना मी पाहिली आहेत. बहुतेक वेळा कुणाच्या सुरक्षेचा विचार नसतो. संस्थेचं नाव पेपरात येऊ नये, एवढंच असतं. बातमी आली की पत्र निघतं, नाही आली तर तोच मुलगा कर्णधार राहतो. माझा आक्षेप ह्याला आहे.

ताईंनी प्रवासाचं म्हटलं ते शंभर टक्के खरं. पण त्यासाठी नियम आहेतच. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2015 चे नियम आहेत, त्यांप्रमाणे कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीने 90 दिवसांत चौकशी संपवायची असते. दरम्यान संस्था त्याला तक्रारदारापासून लांब राहायला सांगू शकते, आणि धोका स्पष्ट असेल तर आवारात यायलाही बंदी करू शकते. हे कोर्टाच्या निकालावर अवलंबून नाही. विसर्जनाची मारामारी आणि हे, दोन्हीला एकच छापील पत्र देणं म्हणजे डोकं न वापरणं.

कसबा पेठ

सर, डोकं वापरायला सांगितलं की वशिला वापरला जातो. चौकशी समिती नेमा, नगरसेवकाचा पुतण्या चार दिवसांत स्वच्छ होऊन मैदानात येईल. मुळशीहून आलेला, घरी कुणी ओळखीचं नसलेला पोरगा मात्र बाहेरच. सरसकट नियम कडक असतो, पण सगळ्यांना सारखा असतो. मी त्याच्याच बाजूने.

डावा कोपरा (धागाकर्ता)

सारखा कुठे आहे? वशिला कॉलेजात चालतो तसा त्याच्या आधी चौकीत चालतो. ज्याच्यामागे कुणी आहे त्याचं नाव एफआयआरमध्ये येतच नाही. जो कडेला उभा असतो किंवा मध्ये पडून सोडवायला गेलेला असतो त्याचं येतं. तुमचा सरसकट नियम त्या यादीवर चालतो.

आणि नुकसान फक्त एका स्पर्धेचं नाही. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, ते पदकाच्या प्रमाणपत्रावर मिळतं. हा पोरगा भरतीसाठीच खेळतोय. पहाटे मार्केट यार्डात हमाली करून मग सरावाला येतो. त्याला ते पत्र दिल्यापासून तो मैदानाकडे फिरकलेला नाही. प्रशिक्षकांनी फोन केले, उचलत नाही.

बालेवाडी ताई, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत लगेच दूर ठेवा, माझा विरोध नाही. बाकी गुन्ह्यांत आधी सात दिवसांत म्हणणं ऐका, मुदत घाला, दर महिन्याला फेरविचार करा. समितीत एक बाहेरचा माणूस ठेवा.

बालेवाडी ट्रॅक

मुदत आणि सुनावणी, दोन्ही मान्य. पण कोयत्याने वार केल्याचा गुन्हा असेल तर ते सात दिवस तो संघात नको, तक्रारदार मुलगा असला तरी. शिवाय तुमच्या फेरविचारात तक्रारदाराला बोलावणार की फक्त खेळाडूला? ते आधी लिहा, मग पुढचं बोलू.

डावा कोपरा (धागाकर्ता)

दोघांना. पण वेगवेगळ्या दिवशी, समोरासमोर नाही. कोयत्याचं मान्य. मात्र ते सात दिवस संपले आणि कॉलेजने काहीच ठरवलं नाही तर पोरगा आपोआप संघात परत, हे त्याच पत्रात लिहिलेलं हवं.

बालेवाडी ट्रॅक

आपोआप परत ह्याला माझा विरोध आहे. कॉलेजच्या आळसाची किंमत तक्रारदाराने का द्यायची?