मदत हवी आहे: शिबिरात मुलांना जपानी बोलतं कसं करावं?
नमस्कार! उन्हाळी शिबिरात आठ-दहा वर्षांच्या मुलांना जपानी शिकवतेय. लिपी बाजूला ठेवून ओरिगामी, जानकेन (दगड-कागद-कात्रीचा खेळ) आणि कामिशिबाई, म्हणजे चित्रपाट्यांवरची गोष्ट, यांवरच भर आहे. जानकेन जाम रंगतं, 'साइशो वा गू' (आधी दगड) सगळ्यांच्या तोंडी बसलंय. अडचण ओरिगामीत येते. 'ओत्ते' म्हटलं की मुलं घडी घालतात, नखाने पक्कीही करतात, पण कागद हवा असला की नुसतं बोट दाखवतात. समजतं सगळं, बोलत नाहीत. पाठांतर मला अजिबात नकोय.

जोड्या लावून एकाने सूचना द्यायच्या, दुसऱ्याने घड्या घालायच्या, असं कुणी केलंय का? कितपत जमलं? आणि कामिशिबाईची चित्रं मुलांकडूनच काढून घ्यावीत की तयार संच बरा? अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.