इजेक्शन सीट: झिरो-झिरो जमल्यावर रॉकेट स्लेड कशाला?

झेप_०७
झिरो-झिरो म्हणजे उंची शून्य, वेग शून्य: विमान जमिनीवर उभं, तरी सीट वैमानिकाला बाहेर उडवून वाचवते. सगळ्यात अवघड परीक्षा तीच ना? मग तीच सीट स्लेडवर (रुळांवरून रॉकेटने पळवायची गाडी) पुन्हा पुन्हा का उडवतात? आणि हलकी, जड अशा दोन्ही डमी कशाला?

रूळकरी
अवघड टोकं दोन आहेत. उभ्या विमानात अडचण उंचीची: पॅराशूट भरेपर्यंत पुरेसं वर जायला हवं. तिथे जड डमीची (सुमारे १११ किलो) कसोटी लागते. वेगात अडचण हवेच्या माराची. तो वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४५० नॉटवरून ६०० वर गेलात की पावणेदोन पट. तिथे हलकी डमी (सुमारे ४७ किलो) अडकते. मार तेवढाच, वस्तुमान कमी, त्यामुळे झटका जास्त. हेल्मेट मात्र तितकंच जड. सगळं मानेवर येतं.

हलक्या वैमानिकाच्या मानेचा प्रश्न एफ-३५ या लढाऊ विमानातही निघाला, मात्र तिथे तो कमी वेगाच्या चाचण्यांत दिसला. २०१५ मध्ये १३६ पौंडांखालच्या (६२ किलो) वैमानिकांना उड्डाणबंदी झाली. मग हेल्मेट हलकं केलं, पॅराशूटच्या पट्ट्यांमध्ये डोक्याला आधार देणारं कापड शिवलं आणि सीटवर वजनाचा स्विच दिला. हलका वैमानिक असेल तर मुख्य पॅराशूट किंचित उशिरा उघडतं.

काडतूस
स्लेडवर नुसती सीट नसते, विमानाचं नाक कॉकपिटसकट बसवतात. त्यामुळे कॅनॉपीवरची (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) स्फोटक दोरी काच वेळेत फोडते का, तुकडे कुठे जातात, हे दिसतं. वेग ओळखणाऱ्या नळ्यांवर बारीक लक्ष ठेवा. त्यांनी वेग कमी दाखवला तर सीट ड्रोग (आधी उघडणारं छोटं पॅराशूट) वगळून थेट मुख्य पॅराशूट सोडते, आणि ते फाटतं. डमीचे पाय आवळले गेले का, हात मागे फेकले गेले का, हे हाय-स्पीड कॅमेऱ्यात पाहायचं.

मणक्यासाठी बैठकीवरच्या त्वरणमापकावरून डीआरआय (मणक्याला इजेचा धोका सांगणारा आकडा) काढतात. १८ आला की इजेची शक्यता साधारण ५ टक्के. सीट उडवणारं काडतूस गरम असेल तर भराभर जळतं आणि धक्का वाढतो. थंड असेल तर सीट मंद निघते. म्हणून दोन्ही तापमानांना मुरवून चाचणी घ्यावीच लागते. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

झेप_०७
मग थेट विमानातूनच का नाही उडवत?

रूळकरी
उडवतात की. मार्टिन-बेकर ही सीट बनवणारी ब्रिटिश कंपनी त्यासाठी जुनी ग्लॉस्टर मीटिअर विमानं वापरत आली आहे. पण स्लेडवर वेग आणि जागा ठरलेली, कॅमेरे रुळाशेजारी पक्के, आणि तीच चाचणी जशीच्या तशी पुन्हा घेता येते. विमान खाली झेपावत असेल किंवा कलंडलेलं असेल, तो हिशेब मात्र सहसा स्लेडवर होत नाही, तो मुख्यतः गणितातून आणि सिम्युलेशनमधून येतो. आणि झिरो-झिरो म्हणजे जमिनीलगत कधीही उडी मारा असा अर्थ नाही. विमान सेकंदाला २० मीटर खाली जात असेल, तर सीटचा वर जाण्याचा वेग तेवढाच कापला जातो.