मदत हवी आहे : आईला घेऊन कोल्हापूर ते गोंदिया

नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर आईला घेऊन महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला मावशीकडे जायचंय. पुणे, मनमाड, भुसावळ, नागपूर करत एक दिवसाहून जास्त प्रवास. आईचे गुडघे फार दुखतात आणि बर्थ नेमके वरचे मिळालेत. ४५ वर्षांपुढच्या बायकांना खालचा बर्थ शिल्लक असेल तरच मिळतो. अशा वेळी सहप्रवाशांनाच विनंती करावी की आधी टीसीला गाठावं?

सोबतीची काळजी नाही. मिरज यायच्या आत आई शेजारणीचं माहेर कुठलं ते विचारते आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी तिच्या हातावर ठेवते! पण दुसऱ्या दिवशी गरम जेवण कुठल्या स्टेशनवर चांगलं मिळेल? नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सांगा.