शीट, वही आणि चित्र: एकाच पेनपेन्सिलीवर भागतं का?

गोलाईकर_मामा (लातूर)

भाची यंदा संभाजीनगरला सिव्हिल डिप्लोमाला लागली. वसतिगृहातून पहिली मागणी आली ती पेनपेन्सिलीची. ड्रॉइंगची शीटं, रोजच्या वह्या, आणि वर रविवारी कुठंतरी बसून चित्रं काढायचा पोरीला नाद. वर्गातली पोरं म्हणायलेत, तीन कामांना तीन पेन्सिली घे. मला ते पटत नाही. एकच घ्यावी, पण बरी घ्यावी: ०.५ मिलिमीटर लेडाची, टोकाला चारेक मिलिमीटरची सरळ नळी असलेली ड्राफ्टिंगची, म्हणजे नकाशे काढायची.

नळीचं कारण असं. शाळेतल्या पेनपेन्सिलीचं टोक शंकूसारखं उतरतं. पट्टीला लावलं की शंकूचा फुगीर भाग आधी टेकतो, लेड पट्टीपासून लांब राहतं आणि हात जरा कलला की रेघ सरकते. सरळ नळी मात्र पट्टीच्या कडेला अंग लावून चालते. लेड कुठं टेकणार ते डोळ्याला दिसतं. हे लिहिताना चालतं, चित्रातही चालतं. मग तीन कशाला?

माझी पेंटेलची काळी पी२०५ डिप्लोमापासून खिशात आहे. प्लास्टिकची, नऊएक ग्रॅमची. क्लिपवरचं पाणी उडालं, बाकी तक्रार नाही. भाचीचा जीव रोट्रिंगच्या ६०० वर आहे. ती पितळी, वजनाला माझ्या पेन्सिलीच्या दुपटीहून जास्त. कोणती घ्यावी ते नंतर बघू, आधी एक का तीन ते बोला.

निवृत्त_आरेखक (पैठण)

मामा, उभी नोकरी आरेखक म्हणून कालव्यांचे छेद काढण्यात गेली, म्हणून बोलतो. ०.५ ची पेन्सिल एकाच जाडीची रेघ देते. शीटवर बाह्यरेषा ठळक लागते, मापाची आणि मध्यरेषा बारीक. आजची पोरं ठळक करायला तीच रेघ दोनदा ओढतात. लांबून बरी दिसते, जवळ जाऊन पाहा, दोन रेघा शेजारी शेजारी झोपलेल्या असतात. शीट तपासायचं तर मधे बघू नये, कोपरा बघावा. दोन रेघा जिथं मिळतात तिथं हात कळतो.

आम्ही २ मिलिमीटरची क्लच पेन्सिल वापरायचो, म्हणजे जाड लेड पकडीत धरणारी. लेड सँडपेपरवर घासायचं, चिंधीला पुसायचं, आणि रेघ ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवायची, म्हणजे टोक एका बाजूनं झिजत नाही. रचनेच्या, म्हणजे आधी आखायच्या कच्च्या रेघेला २एच (कडक, फिकं लेड), ठळकला एच नाहीतर एचबी (त्याहून मऊ आणि काळं). पेन्सिल एकच, लेडं दोन. ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर रेघ फिकी पडली तर अमोनिया प्रिंटवर, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या प्रतीवर, उमटायचीच नाही, आणि वरचे साहेब प्रिंट परत पाठवायचे. त्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं ते वेगळं.

गोलाईकर_मामा

काका, तुमच्या हाताला नमस्कार. पण वसतिगृहाच्या खोलीत तिघी राहतात, वर पंखा फुल. सँडपेपरची पूड शीटवर गेली की झालं. आणि पोरीनं रेघ ओढताना पेन्सिल फिरवायला शिकायची, तोवर सत्र संपतं.

निवृत्त_आरेखक

पूड काडेपेटीत झटकायची. फिरवायला दोन दिवसांत येतं. तुमची ०.५ तरी कुठं आपोआप येते? ती उभी धरावी लागते. तिरकी धरली की लेडाला पाचर पडते, आणि बाजू बदलली की रेघेची जाडी बदलते. हे पेन्सिल विकणारा सांगत नाही.

वेरूळ_रविवार (छ. संभाजीनगर)

तुम्ही दोघं शीटवरच भांडायलाव, चित्राचं कोणी बोलेना. मामा, तुमचं ‘चित्रातही चालतं’ हे वाक्य मला मान्य नाही.

मागच्या रविवारी कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावर बसले होते. (मंगळवारी जाऊ नका, वेरूळ बंद असतं.) खाली सगळा काळा बेसाल्ट, अंगणात सकाळी दहापर्यंत सावली. ती सावली ०.५ नं भरायला घेतली. पाऊण तासात हत्तीच्या मागची एक भिंत झाली, आणि तीही विणलेल्या स्वेटरसारखी. मग ४बी ची, म्हणजे मऊ काळ्या लेडाची, लाकडी पेन्सिल आडवी धरली आणि पाच मिनिटांत अख्खी बाजू काळी केली. बारीक लेडाला आडवं अंगच नसतं, सावली येणार कुठून?

शिवाय जड पितळी पेन्सिल मनगटावर येते. शीट काढताना वजन बरं वाटतं, कारण पट्टी हात धरून नेते. मांडीवर वही ठेवून काढताना तेच वजन बोटांत भरतं. मे महिन्यात घामानं गुळगुळीत धातू निसटतो आणि खरखरीत पकड बोटाला सोलते. चित्राला पेनपेन्सिल हवीच असेल तर ०.७ किंवा ०.९, लेड २बी, आणि हलकी. नळीबिळीची गरज नाही.

परभणीकर_वहीवाला

लिहिण्याचं मी बोलतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, दिवसाला वीसेक पानं टिपणं. मामांच्या पी२०५ सारखीच वापरत होतो. पान संपेपर्यंत अक्षर जाड व्हायचं, मग पेन्सिल फिरवून धरा, परत बारीक. आता युनीची कुरु टोगा आहे. २००८ ला आली. टोक कागदाला टेकून उचललं की आतलं लेड ९ अंशांनी फिरतं. चाळीस वेळा उचललं की एक फेरा पूर्ण. आरेखक काका बोटांनी करतात तेच आतलं चक्र करतं.

आणि ही आपल्या लिपीला जास्त मानवते. इंग्रजी जोडून लिहिणारा शब्दभर पेन्सिल उचलत नाही, मग फिरणार काय? मी ‘परभणी’ लिहून मोजलं, शिरोरेघ धरून दहा वेळा उचलली. म्हणजे नव्वद अंश. गावाच्या नावात पाव फेरा!

बिंदुसरा_काठ (बीड)

आमच्या आजोबांसारखी मोडी लिहायला घ्या, मग बघू किती फिरते. ते आधी पानभर रेघ ओढून घेत आणि खाली अक्षरं लटकवत जात, हात म्हणून उचलत नसत.

गंमत सोडा. कुरु टोगाचं टोक दाबलं की किंचित आत जातं, त्याशिवाय चक्र फिरणार नाही. लिहिताना ते कळतही नाही. पण पट्टीला लावून रेघ सुरू केली की कळतं. शीटला नको.

मामांच्या नळीवर पण बोलायचंय. माझी नवी ड्राफ्टिंग पेन्सिल तिसऱ्या दिवशी टेबलावरून पडली, नाकावर, खाली शहाबादी फरशी. नळी केसाएवढी वाकली. डोळ्याला दिसत नव्हती, पण लेड दर दोन शब्दांना आतल्या आत तुटायचं. सुईनं साफ केली, पकडीनं सरळ करायला गेलो तर मोडली. ज्या गुणासाठी घेतली तोच भाग आधी गेला. वसतिगृहात पेन्सिल पडणार नाही असं कोण म्हणेल? नळी आत जाणारी घ्या. पेंटेलची ग्राफगिअर १००० आहे, क्लिप दाबली की नळी आत. खिसाही फाटत नाही.

गोलाईकर_मामा

हे मात्र खरं. माझीही नळी एकदा वाकली होती, तेव्हा मित्राच्या तसल्याच पेन्सिलीचं टोक काढून बसवलं. ते सांगायचं राहिलं.

बिंदुसरा_काठ

राहिलं म्हणे! ‘बाकी तक्रार नाही’ असं लिवलंय वर.

वजिराबाद_स्टेशनरी (नांदेड)

गल्ल्यावर बसून बघतो ते सांगतो. गिऱ्हाईक हजाराची पेन्सिल घेतं आणि लेडाची डबी सगळ्यात स्वस्त मागतं. मग महिन्यानं पेन्सिल परत घेऊन येतं, ‘लेड लई तुटतं’. निम्म्या वेळा पेन्सिलीत काही बिघाड नसतो. लाकडी पेन्सिलीत माती आणि ग्रॅफाइट मिसळून भाजलेलं असतं, ती रीत फ्रान्सच्या कोंतेची, १७९५ ची. पण ०.५ च्या काडीत माती तग धरत नाही. म्हणून बारीक लेडात मातीऐवजी पॉलिमर घालतात. पेंटेलनं ते १९६० च्या सुमारास बाजारात आणलं, तेव्हाच बारीक पेन्सिल खऱ्या अर्थानं चालली. स्वस्त लेड आणि चांगलं लेड एकदा बोटांनी वाकवून बघा. चांगलं थोडं वाकतं, मग तुटतं.

दुसरं म्हणजे ०.७ च्या पेन्सिलीत ०.५ चं लेड घालतात. ते पकडीत धरत नाही, लिहायला टेकवलं की आत सरकतं. दोष पुन्हा पेन्सिलीवर.

माझं मत विचाराल तर मामांचं अर्धं बरोबर. एक पेन्सिल घ्या, लेडाच्या डब्या दोन घ्या.

जाता जाता: युनी बनवणारी मित्सुबिशी पेन्सिल आणि गाडीवाली मित्सुबिशी यांचा काही संबंध नाही, रोज कोणीतरी विचारतं. पण टीव्हीवाल्या शार्पला ते नाव पेन्सिलीवरूनच मिळालं. तिच्या संस्थापकानं, हायाकावानं, १९१५ ला धातूची पेनपेन्सिल बनवली होती.

सगळं_स्क्रीनवर (पुणे, मूळ धाराशिव)

संगणकावर नकाशे काढायच्या ऑटोकॅडच्या जमान्यात कशावर भांडताय? दुसऱ्या वर्षी ती पेन्सिल कप्प्यात जाणार.

वेरूळ_रविवार

वेरूळच्या कड्यावर लॅपटॉप घेऊन बसा एकदा. स्क्रीनवर तुमचंच तोंड दिसेल.

निवृत्त_आरेखक

ऑटोकॅडमध्ये पण रेघेची जाडी तुम्हालाच द्यावी लागते. ती कुठं किती द्यायची हे हातानं काढलेल्याला लवकर कळतं. मशीनवर काढलेले, सगळ्या रेघा एकाच जाडीचे नकाशे मी पाहिलेत. भिंत कोणती आणि मापाची रेघ कोणती, गवंड्याला कळत नाही.

गोलाईकर_मामा

भाचीनं धागा वाचला आणि मला न विचारता काल औरंगपुऱ्यात जाऊन आली. नळी आत जाणारी ०.५ ची एक, एच आणि बी अशा लेडाच्या दोन डब्या, आणि वर ४बी ची लाकडी. म्हणजे मोजायचं कसं ते तुम्हीच ठरवा. मी म्हणतो एकच पेनपेन्सिल घेतली, माझंच झालं. रोट्रिंगचं नाव काढलं तर म्हणते, ‘मामा, उरलेल्या पैशांत महिनाभराचा नाष्टा होतो.’

पहिलं शीट शुक्रवारी द्यायचंय.

वेरूळ_रविवार

लाकडी घेतली ना? मग तुमचं कसलं झालं!

निवृत्त_आरेखक

शीट द्यायच्या आधी फोटो टाकायला सांगा. अख्ख्या शीटचा नको, चार कोपऱ्यांचा.