सोलापूरच्या जुन्या पेठा : फिरणं, खरेदी, खाणं – अनुभव लिहा

सोलापूरला येणारे बरेच जण सिद्धेश्वराचं दर्शन घेतात, स्टेशनाजवळ दोन चादरी उचलतात आणि परत जातात. पेठा राहूनच जातात. पेठांमध्ये राहणाऱ्यांनी आणि धंदा करणाऱ्यांनी नेमकं लिहा : कुठून शिरायचं, काय तपासून घ्यायचं, फसगत कुठे होते. आलेली उत्तरं त्या त्या भागाच्या नावाखाली दिली आहेत.

चार पुतळ्याकडून
सुरुवात इथूनच करा. हे चार पुतळे हुतात्म्यांचे : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात या चौघांना फाशी झाली. पुतळ्यांना हार घालून पुढे जाणाऱ्या गावाला हे पाठ आहे, पाहुण्यांनीही माहीत करून घ्यावं. तिथून भुईकोट जवळच. बहामनी काळातला किल्ला, दुहेरी तट, बाहेरून खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. उन्हाळ्यात सकाळीच उरकून घ्या. अकरानंतर तटावर सावली मिळत नाही आणि दगड चटके देतो.

साखर पेठेतून
चादरीबद्दल सविस्तर लिहितो, कारण फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरचा माल तेच नाव लावून विकला जातो. घडीवरून काही कळत नाही, चादर पूर्ण उलगडायला लावा. अस्सल जेकार्ड (मागावरच नक्षी विणलेली) चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते : वर जिथे लाल फूल पिवळ्या जमिनीवर आहे, तिथेच खाली पिवळं फूल लाल जमिनीवर दिसतं. नक्षी एकाच बाजूला असेल तर ती छापील. मग उजेडासमोर धरा, वीण विरळ असेल तर लगेच दिसते. काठाचा एक धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख पडते. वितळून कडक गुठळी झाली तर त्यात पॉलिस्टर आहे.
पहिली दोन-तीन धुणी वेगळी, थंड पाण्यात, भिजत न ठेवता, आणि वाळवायची सावलीत. गरम पाण्यात रंग सुटतो आणि सूत आटतं. मग दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही.

चाटी गल्लीतून
साड्या आणि कापडासाठी इथे, रेडीमेडसाठी नवी पेठ. चारचाकी आणूच नका, गल्लीत वळत नाही. दुकानदार तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी सगळं बोलतात, त्यामुळे भाषेची अडचण नाही. लग्नसराईत संध्याकाळी गर्दी उसळते, निवांत बघायचं तर दुपारी जेवणानंतर या.

बाळीवेसेतून
शेंगा चटणी घेताना मुठीत दाबून बघा. खलात कुटलेली असेल तर शेंगदाण्याचं तेल सुटून मुठीचा गोळा होतो. मिक्सरची कोरडी भुकटी लगेच विस्कटते. वास खवट आला तर ठेवून द्या, तेल जुनं झालेलं असतं. कडक भाकरी ज्वारीची आणि बाजरीची मिळते. मोडून बघा, कट्कन तुटली पाहिजे. वाकली तर ओल राहिली आहे, डब्यात बुरशी धरेल. प्रवासात चटणी आणि भाकरी एका पिशवीत नको, भाकरी मऊ पडते.

विजापूर वेशीकडून
पेठांमधली संध्याकाळ खाण्याची असते. पार्क चौकातली चौपाटी वर्षभर आहेच, पण रमजानमध्ये आमच्याकडे मीना बाजाराला या. रोजा सुटल्यावर गर्दी वाढत जाते, म्हणून पोटात भूक ठेवून या आणि गाडी लांब लावा.

उत्तर कसब्यातून
गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत यायचं असेल तर संक्रांतीचे दिवस धरा. हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात, मानकरी पांढऱ्या बाराबंदीत असतात. अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर. मिरवणुकीच्या मार्गावर वाहनं बंद असतात, तेव्हा रिक्षा अलीकडेच सोडून चालत या. खरेदी त्या दिवसांत ठेवू नका, चादर उलगडून दाखवायला दुकानदाराला उसंत नसते.