मदत हवी आहे: आमच्या स्टॉक कार लीगसाठी गुणपद्धत कशी ठेवू?

आम्ही मित्र ऑनलाइन स्टॉक कार (रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्या) लीग चालवतो. पुढच्या सीझनची गुणपद्धत ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

नॅसकारकडे (अमेरिकेतली स्टॉक कार शर्यतींची मोठी मालिका) पाहावं तर तिथेही गोंधळच. जुन्या पद्धतीत पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७० गुण, म्हणजे जिंकण्याचा फायदा जेमतेम. त्यामुळे २००३ मध्ये मॅट केन्सेथ एकच शर्यत जिंकून चॅम्पियन झाला आणि ८ जिंकणारा रायन न्यूमन सहावा. मग २००४ पासून 'चेस' आला, म्हणजे शेवटच्या १० शर्यतींत फक्त आघाडीच्या ड्रायव्हरांमध्ये किताबाची लढत. २०१४ ते २०२५ बाद फेऱ्या आणि शेवटच्या शर्यतीत चौघांचा फैसला होता. २०२५ ला फिनिक्समध्ये डेनी हॅमलिन जवळपास जिंकलाच होता, पण शेवटी पिवळा झेंडा (धोक्याचा इशारा, ज्यात गाड्या हळू होऊन पुन्हा जवळ येतात) आला आणि किताब काइल लार्सनकडे गेला, ज्याने त्या शर्यतीत एकही लॅप आघाडी घेतली नव्हती! थरार कबूल, पण सगळं वर्ष एका झेंड्यावर? मला नाही पटत.

आमच्याकडे गाड्या वीसच, शर्यती बारा. बाद फेरी न ठेवता विजेत्याला भरघोस गुण दिले तर पुरेल का? पहिल्या-दुसऱ्यात फरक किती ठेवावा? आणि सर्वात खराब निकाल वगळू द्यावा का? कुणी अशी लीग चालवली असेल तर सांगा, प्लीज.