क्रूझवर आठवडाभर ठोकाठोक, पैसे परत मागता येतात का?

समुद्रवेडी: लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून पहिल्यांदाच क्रूझ केली, मुद्दाम बाल्कनीवाली केबिन घेतली, आणि पहिल्याच सकाळी आठला डोक्यावर घर्रर्र सुरू. वरच्या डेकवर गंज काढत होते म्हणे. मोठा स्विमिंग पूल कोरडा, वर जाळी. बाल्कनीत कॉफी घेऊन बसले तर कपात रंगाचा पोपडा पडला, खरंच सांगते! तिसऱ्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली, काम चालू आहे, बाल्कनीचं दार बंद ठेवा. बुकिंगच्या वेळी कोणी चकार शब्द काढला नव्हता. काउंटरवर गेले तर गोड हसून सॉरी म्हणाले, बस्स. आता काही मिळेल का, की पैसे बुडालेच?

जुना_खलाशी: अनेक वर्षं जहाजावर इंजिनिअर होतो. काम टाळता येत नाही हो, खाऱ्या हवेत पोलाद सतत गंजतं, आणि नीडल गन (सुयांनी ठोकून गंज उडवणारं यंत्र) लावली की आवाज पत्र्यातून खालच्या डेकपर्यंत घुमतो. सोलास, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रवासी जहाजाचा तळ बाहेरून दरवर्षी तपासावा लागतो, त्यात ५ वर्षांत किमान दोनदा ड्राय डॉकमध्ये, म्हणजे जहाज पाण्याबाहेर कोरड्या गोदीत घेऊन; तिथे गेलं की कमाई शून्य, मग वरची कामं प्रवासी असतानाच उरकतात. पण पूल बंद करायचं काही आदल्या रात्री ठरत नाही. आधी न सांगणं ही शुद्ध लबाडी.

हिशेबी: चिठ्ठी फेकली नाही ना?? तोच तुमचा पुरावा. सगळे पैसे मागू नका, तिथेच अडतं, किती दिवस पूल बंद, किती दिवस बाल्कनी बंद असं लिहून त्या प्रमाणात मागा. युरोपात पॅकेज म्हणून बुक केलं असेल तर २०१५ च्या पॅकेज टूरच्या नियमांत कबूल केलेलं मिळालं नाही तर किंमत कमी करून मागता येते, फक्त तक्रार प्रवासातच केलेली बरी. काउंटरवर नोंद केली होती का?

समुद्रवेडी: नोंद केली होती, नंबर आहे. चिठ्ठी यांनी पुस्तकात खूण म्हणून घातली होती, सापडली 😀 आणि मी सूर्योदयाचा व्हिडिओ काढला त्यात सूर्य कमी आणि घर्रर्र जास्त आहे. पण ते पुढच्या क्रूझचं व्हाउचर देऊ म्हणाले तर?

हिशेबी: मुळीच घेऊ नका, ते वापरायला परत त्यांच्याच बोटीवर जावं लागेल.